गोठ्यापासून चुलीपर्यंत : अवटु ग्रंथीचे विकार व आयोडीन

पिकास नत्र अपुरे पडले की पाने पिवळी पडतात. स्फुरद कमी पडले तर ती जांभळट दिसू लागतात, आणि पालाशाची उणीव असेल तर पानांच्या कडा करपतात. अनुभवी शेतकरी ही लक्षणे बांधावरूनच ओळखतो. परंतु जमिनीतील एक उणीव अशी आहे की, ती पिकात मुळीच दिसत नाही. ज्वारी डोक्याएवढी वाढते, गवत हिरवेगार असते, धान्याचे वजनही भरपूर भरते. आणि तरीही तो चारा खाणाऱ्या शेळीस बिनकेसाचे करडू होते व ते धान्य खाणाऱ्या घरातील मुलीचा गळा फुगू लागतो. ही उणीव आयोडीनची होय. वनस्पतींची वाढ आयोडीनवाचून अडत नाही. जनावरांची व माणसांची अडते. म्हणून ही उणीव शेतात नव्हे, तर गोठ्यात आणि घरात ओळखावी लागते.

अवटु ग्रंथीचे, म्हणजे थायरॉईडचे विकार हा केवळ डॉक्टरांचा विषय आहे असे सामान्यतः मानले जाते. निदान व औषधयोजना हे डॉक्टरांचेच काम आहे, यात शंका नाही. तथापि जमीन, चारा, खनिज मिश्रण, फवारणी आणि स्वयंपाकघरातील मीठ या गोष्टी शेतकरी कुटुंबाच्याच हातात असतात. त्यांचा एकत्र विचार केल्यास या विकारांपैकी काही टाळता येतात आणि उरलेले वेळीच ओळखता येतात.

ग्रंथी व तिचे कार्य

अवटु ग्रंथी गळ्याच्या पुढील भागी, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेस बिलगून असते. तिचा आकार फुलपाखरासारखा असून प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. रक्तातील आयोडीन वेचून घेऊन त्यापासून थायरॉक्सिन व त्याच जातीचे दुसरे एक संप्रेरक ती तयार करते. शरीरातील उष्णता, हृदयाची गती, पचन, वाढ, माज व मासिक पाळी या सर्वांचा वेग ही संप्रेरके राखतात. गर्भातील मेंदूची वाढही त्यांच्यावरच अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. मजूर सुस्त झाले की मुकादमाच्या हाका वाढतात. तद्वतच अवटु ग्रंथीचे काम मंदावले की पीयूषिकेकडून येणाऱ्या टी.एस.एच. या द्रव्याचे रक्तातील प्रमाण वाढते. उलट अवटु ग्रंथी अतिरेकी काम करू लागली की मुकादम गप्प बसतो, म्हणजे टी.एस.एच. घटते. रक्ताच्या तपासणीत डॉक्टर मुख्यतः हेच पाहतात.

आयोडीन दीर्घकाळ कमी पडल्यास, मिळेल तेवढे वेचून घेण्यासाठी ग्रंथी स्वतःचा आकार वाढविते. पाणी आटले की विहीर खोल व रुंद करावी, तसाच हा प्रकार होय. या वाढीसच गलगंड म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. म्हणजे हा रोग आपल्या देशास फार जुन्या काळापासून परिचित आहे.

प्रौढ माणसास दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम लागते. साऱ्या आयुष्यात लागणारे आयोडीन चहाच्या एका चमच्यात मावेल, इतकी ही गरज अल्प आहे. परंतु ते एकदाच घेऊन साठविता येत नाही. ते रोज थोडे थोडे मिळावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे.

जमिनीतून आयोडीन का जाते

आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. जमिनीच्या वरच्या थरातील आयोडीन पावसाने धुपून नद्यांवाटे समुद्रास मिळते. यास्तव डोंगर-उताराच्या, वारंवार पुराखाली जाणाऱ्या व अतिशय धूप झालेल्या जमिनींत ते कमी आढळते. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश यासाठी पूर्वीपासून ज्ञात आहे. परंतु हा प्रश्न तेवढ्यापुरता मर्यादित नाही, असे नंतरच्या पाहण्यांतून दिसून आले. महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गलगंडाची क्षेत्रे आढळली आहेत.

समुद्रातील मासळीत आयोडीन चांगले असते व दूध आणि अंडी यांतूनही ते मिळते. परंतु दुधातील आयोडीन जनावराच्या खाद्यावर अवलंबून असते. ज्या गावात चारा गावचा, धान्य गावचे आणि दूधही गावचेच, तेथे जमिनीतील उणीव चाऱ्यातून गोठ्यात आणि धान्य व दुधातून घरात उतरते.

गोठ्यातील लक्षणे

ही उणीव पुष्कळदा प्रथम जनावरांत दिसते, आणि त्यातही गाभण जनावरे व नवजात पिले यांच्यात ठळकपणे दिसते. शेळ्या-मेंढ्या तिला विशेष बळी पडतात. पशुपालकाने पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

(१) मेलेली, अशक्त अथवा अंगावर केस नसलेली करडे किंवा वासरे जन्मणे.
(२) नवजात पिलाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंस मऊ गाठी लागणे.
(३) गाय-म्हैस वेळेवर माजावर न येणे किंवा मुका माज राहणे, वार अडकणे.
(४) पिलांची वाढ खुंटणे, कातडी कोरडी व जाड होणे.

यांपैकी बहुतेक लक्षणे अन्य कारणांनीही होतात. गर्भपात सांसर्गिक रोगानेही होतो, व तो रोग माणसासही लागू शकतो. म्हणून मृत पिलू व वार उघड्या हाताने हाताळू नये आणि निदानासाठी पशुवैद्यकास बोलवावे. एका गोठ्यात एखादे करडू अशक्त निघाले तर तो योगायोग असू शकेल. परंतु एकाच वस्तीत तीन-चार घरी असे घडले, तर कार्यकर्त्याने त्याची नोंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविले पाहिजे.

उपाय साधा आहे. दुभत्या मोठ्या जनावरास दररोज सुमारे ५० ग्रॅम, तर शेळीस ५ ते १० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. मिश्रणात आयोडीन आहे, हे पिशवीवर वाचून खात्री करून घ्यावी. नुसते साधे मीठ चाटावयास ठेवल्याने सोडियम मिळते. आयोडीनची गरज भागत नाही. गाभणकाळात खनिज मिश्रणात खंड पडू देऊ नये.

सुबाभूळ व इतर खाद्ये

काही वेळा आयोडीन पुरेसे असूनही खाद्यातील एखादे द्रव्य ग्रंथीच्या कामात अडथळा आणते. आपल्या भागातील याचे उत्तम उदाहरण सुबाभळीचे आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने १९७० च्या दशकात या झाडाचा मोठा प्रसार केला. सुबाभूळ हा प्रथिनयुक्त चारा असून कोरडवाहू शेतकऱ्यास तिचा पुष्कळ उपयोग झाला आहे. मात्र तिच्या पाल्यात, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत व बियांत, मिमोसिन नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्यापासून जे द्रव्य बनते, ते अवटु ग्रंथीस संप्रेरक तयार करू देत नाही. असा पाला अति प्रमाणात व सतत दिल्यास केस गळणे, लाळ गळणे, वजन घटणे आणि गलगंड ही लक्षणे दिसतात.

येथे केवळ आयोडीन वाढवून भागत नाही. पाला कमी करणे हाच उपाय होय. एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक सुबाभूळ देऊ नये व ती नेहमी अन्य चाऱ्यात मिसळून द्यावी. पाला वाळवून दिल्यास मिमोसिन काही प्रमाणात कमी होते. घोडा व कोंबडी यांना तिची बाधा लवकर होते. काही जनावरांच्या पोटात हे द्रव्य नष्ट करणारे सूक्ष्मजीव असतात. हवाई बेटांतील शेळ्यांत ते असल्याचे ध्यानात आल्यावर १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील जनावरांत ते सोडण्यात आले आणि तेथील बाधा आटोक्यात आली. तथापि आपल्या गोठ्यातील जनावरांत ते आहेतच, असे गृहीत धरू नये.

कोबी-फ्लॉवरचा पाला आणि मोहरीची पेंड यांतही ग्रंथीस अडथळा करणारी द्रव्ये असतात. भाव पडल्यावर कोबीचा पाला गाडीभर आणून आठवडेच्या आठवडे जनावरांपुढे टाकणे योग्य नव्हे. माणसांच्या बाबतीत मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही. कोबी, सोयाबीन व बाजरी यांतही अशी द्रव्ये असली, तरी मिश्र आहारात व आयोडीन पुरेसे असताना त्यांचा त्रास सहसा होत नाही. बाजरीची भाकरी सोडण्याची गरज नाही. तिच्याबरोबर डाळ, भाजी, दूध आणि आयोडीनयुक्त मीठ असावे, एवढेच.

फवारणीविषयीही एक सूचना आवश्यक आहे. द्राक्ष, टोमॅटो, बटाटा इत्यादी पिकांवर वापरल्या जाणाऱ्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या विघटनातून इथिलीन थायोयुरिया नावाचे द्रव्य बनते. प्रयोगशाळेतील प्राण्यांत ते अवटु ग्रंथीस बाधक ठरले आहे. म्हणून हातमोजे व मुखपट्टी वापरणे, फवारणीनंतर अंग व कपडे धुणे आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाल पाळणे हे केवळ कागदावरील नियम समजू नयेत.

माणसातील लक्षणे

घरातील एखादी बाई पूर्वी पहाटे उठून भाकरी, पाणी, गोठा व शेत हे सर्व करीत असते. हळूहळू ती थकू लागते. दिवसाही तिला झोप येते, अंग जड वाटते, थंडी सोसत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, शौचास साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, पाळीच्या वेळी रक्तस्राव अधिक होतो. खाणे वाढलेले नसताना वजन मात्र वाढते. घरचे तिला आळशी म्हणतात आणि काही दिवसांनी तीही स्वतःला तसेच समजू लागते. वस्तुतः हा ग्रंथी मंदावल्याचा विकार असू शकतो. रक्ताच्या एका तपासणीने तो कळतो व रोजच्या एका गोळीने आटोक्यात येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कित्येक पटींनी अधिक आढळतो. केवळ ‘आळशी’ या एका शब्दामुळे तो वर्षानुवर्षे झाकला जातो, ही खेदाची गोष्ट होय.

याउलट ग्रंथी अतिरेकी काम करू लागल्यास भूक चांगली असूनही वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही, घाम फार येतो, शौचास वारंवार होते; काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

मुलांमध्ये उंची खुंटणे व अभ्यासात मागे पडणे ही लक्षणे दिसतात. सर्वांत नाजूक काळ गर्भावस्थेचा व जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांचा असतो. या काळात संप्रेरक अपुरे पडल्यास मेंदूची झालेली हानी पुढे भरून येत नाही. टाळता येण्याजोग्या मेंदूच्या हानीच्या कारणांत आयोडीनची उणीव हे जगात प्रमुख कारण मानले जाते. बाळ नीट ओढत नसेल, फार झोपत असेल, त्याची कावीळ लांबली असेल, रडणे घोगरे असेल किंवा जीभ मोठी दिसत असेल, तर ‘शांत बाळ आहे’ असे म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात त्यास रुग्णालयात न्यावे. ग्रंथीचा जन्मजात विकार असल्यास पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू होणे इष्ट असते.

आज एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक थायरॉईड-विकार आयोडीनच्या उणिवेनेच होतो, असे नाही. जेथे आयोडीन पुरेसे मिळते, तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून ग्रंथीवर उलटणे हे ग्रंथी मंदावण्याचे प्रमुख कारण असते. अशा रोग्यास अधिक आयोडीन देऊन गुण येत नाही. उलट आयोडीनचा अतिरेक काहींना अपायकारक ठरतो. म्हणून आयोडीनच्या गोळ्या किंवा थेंब आपल्या मनाने घेऊ नयेत. स्वयंपाकातील आयोडीनयुक्त मीठ मात्र, डॉक्टरांनी वेगळे सांगितल्याखेरीज, बंद करू नये.

कांगडा खोऱ्याचा धडा

मिठातून आयोडीन देण्याचा मार्ग आपल्या देशात प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाला आहे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी कांगडा खोऱ्यात (आताचे हिमाचल प्रदेश) हे काम आरंभिले. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ व तिसऱ्यात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांनी पाहणी केली असता पहिल्या दोन विभागांतील मुलांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटल्याचे, तर तिसऱ्या विभागात ते तसेच राहिल्याचे आढळले. पुढे तिसऱ्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. थेट मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास १७ मे २००६ पासून देशभर मनाई करण्यात आली.

प्रश्न तेवढ्याने संपला नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ७६ टक्के कुटुंबांच्या मिठात पुरेसे आयोडीन आढळले. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कुटुंबे त्या वेळी बाहेर होती.

मीठ : कोठे चुकते

विक्रीच्या ठिकाणी मिठात दर किलोस किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात चूक बहुधा पुढीलप्रमाणे होते :

(१) जनावरांसाठी घेतलेले जाडे मीठ स्वयंपाकात वापरले जाते. वरील मनाई मानवी आहाराच्या मिठास आहे. गुरांसाठी व उद्योगासाठी साधे मीठ विकले जाते. गोठ्यातील पोते व स्वयंपाकघरातील बरणी वेगळी असावी.

(२) मिठागराचे मीठ समुद्राचे असल्याने त्यात आयोडीन असणारच, असा समज आहे. तो चुकीचा आहे. समुद्राच्या साध्या मिठात व सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. ते मुद्दाम मिसळावे लागते.

(३) खडे मीठ स्वच्छ करण्यासाठी धुतले जाते. मिसळलेले आयोडीन खड्यांच्या पृष्ठभागावर असल्याने ते धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते.

(४) मीठ उघड्या भांड्यात, चुलीजवळ किंवा ओलीत ठेवले जाते. ते झाकणाच्या बरणीत कोरड्या जागी ठेवावे आणि शक्यतो भाजी-आमटी शिजत आल्यावर घालावे.

आयोडीन मिळावे म्हणून मीठ अधिक खाणे मात्र चूक आहे; त्याने रक्तदाब वाढतो. मीठ बेताचेच, पण आयोडीनयुक्त असावे. आशा कार्यकर्त्यांकडे मीठ तपासण्याचा संच मिळू शकतो. त्यातील द्रावणाचा थेंब मिठावर टाकताच निळा-जांभळा रंग आला तर आयोडीन आहे. रंग जितका गडद, तितके प्रमाण अधिक.

औषधाची शिस्त

ग्रंथी मंदावली असल्यास थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवाव्यात. गरोदर स्त्रियांना या सर्व गोळ्या एकाच वेळी दिल्या जातात व त्या एकत्र गिळल्या जातात. त्यामुळे थायरॉक्सिन अंगी लागत नाही. गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांस सांगावे, कारण गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. बरे वाटू लागले म्हणून गोळी थांबवू नये. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले जाते.

ग्रंथी अतिरेकी चालण्यावर औषध चालू असता ताप व घसादुखी उद्भवल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. गळ्यातील गाठ कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, किंवा गिळताना व श्वास घेताना त्रास होत असेल, तर विलंब न करता मोठ्या रुग्णालयात दाखवावे. गळ्यास लेप लावण्यात महिने घालवू नयेत. समतोल आहार, पुरेशी झोप, व्यायाम, योगासने आणि विडीचा त्याग यांनी प्रकृतीस साहाय्य होते. परंतु ती गोळीची जागा घेऊ शकत नाहीत.

कार्यकर्त्याने काय करावे

(१) गोठ्यास भेट देताना अशक्त, केसहीन किंवा मृत पिलांची चौकशी करावी. ज्या घरी असे घडले असेल, तेथे स्वयंपाकाचे मीठही पाहावे.
(२) गावातील किराणा दुकानांत कोणते मीठ विकले जाते, याची आशा कार्यकर्तीसमवेत वर्षातून दोनदा तपासणी करावी.
(३) सुबाभूळ लावलेल्या शेतकऱ्यांस तिच्या प्रमाणाची माहिती लागवडीबरोबरच द्यावी.
(४) महिलांच्या सभेत लक्षणे वाचून दाखवावीत व ज्यांना ती जुळतात त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. रोगाचे नाव कार्यकर्त्याने स्वतः सांगू नये.
(५) २१ ऑक्टोबर हा आयोडीन न्यूनता विकार प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत मुलांनी घरून चिमूटभर मीठ आणावे व सर्वांसमक्ष ते तपासावे. जे मीठ पांढरेच राहील, त्या घरी दोषारोप न करता भेट द्यावी.

जमिनीतील आयोडीनची उणीव खताच्या एखाद्या हप्त्याने भरून निघत नाही. ती गोठ्यातील खनिज मिश्रणाने आणि चुलीपाशी झाकून ठेवलेल्या बरणीने, रोज थोडी थोडी, भरून काढावी लागते. आपल्या शेतातील पीक जोमदार आहे, एवढ्यावर शेतकऱ्याने समाधान मानू नये. ते पीक खाऊन वाढणारे करडू व लेकरू कसे आहे, हेही त्याने पाहिले पाहिजे.